कडेची माणसं

"काका, नवरा-नवरी सोडून दुसरं कोणी ओळखू येतंय का, सांगा तुम्हीच."

परागने लग्नाचे बारा फोटो टेबलावर पसरले. उत्तम मांडवकरने चष्मा कपाळावर चढवला आणि एकेक फोटो डोळ्याशी नेला. मधोमध नवरा-नवरी कोरून काढल्यासारखे लख्ख होते. नवरीच्या नथीतले मोती मोजून घ्यावेत. पण दोन्ही अंगांना उभे असलेले मामा, मावश्या, करवल्या पाण्यात विरघळत चालल्यासारखे दिसत होते. नवऱ्याच्या आत्याला तर चेहराच उरला नव्हता, आणि पराग सांगत होता की सगळ्यात जास्त तीच भांडतेय.

परागचा पूनम सागर वसाहतीत छोटा स्टुडिओ होता. त्याच्या रशियन कॅमेऱ्याची हेलिओस लेन्स गेल्याच आठवड्यात उत्तमने उघडून साफ केली होती. खाडीच्या दमट हवेमुळे भाईंदरमध्ये लोणच्याला धरत नाही इतकी बुरशी लेन्सला धरते. ती काढण्यात उत्तमचा हात धरणारा कोणी नव्हता. फोर्टातल्या एका दुकानात अठरा वर्षं त्याने हेच केलं. ते दुकान बंद पडलं तेव्हा, एकोणनव्वद साली, त्याने भाईंदरच्या नवघरमध्ये दोन खोल्या घेतल्या आणि खिडकीशी टेबल मांडून तोच संसार पुढे चालू ठेवला.

एरवी मोजून मापून बोलणारा हा माणूस लेन्सचा विषय निघायचा अवकाश, सुटायचा. जर्मन टेसारमध्ये चार काचा. उजेड कमी घेते, पण फोटोच्या चारही कोपऱ्यांत शब्दाला जागते. हेलिओसमध्ये सहा, उजेड कमीजास्त करणाऱ्या पडद्याच्या अलीकडे तीन, पलीकडे तीन, विहिणींसारख्या समोरासमोर. उजेड भरपूर, मधलं चित्र देखणं, पण पूर्ण उघडली की कोपऱ्यात जरा आळस करते. हे सगळं सांगून झालं की शेवटी तो म्हणायचा, मध्य सगळ्यांचाच बरा असतो, लेन्स ओळखायची ती कडेवरून. म्हणून प्रत्येक लेन्स जोडल्यावर तो तिच्यातून भिंतीवर ठोकलेलं वर्तमानपत्र पाहायचा, आणि मधला मजकूर सोडून चार कोपऱ्यांतल्या छोट्या जाहिराती वाचायचा.

आताही त्याला फार वेळ लागला नाही. एवढी कड आळसाने जात नाही. त्याने परागकडून लेन्स घेतली, पुढची कडी सोडवली, काच उजेडात धरली. उलटी बसली होती. आतलं तोंड बाहेर.

एवढ्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं. मग त्याला मंगळवार आठवला. सहा काचा त्याने मलमलीवर ओळीने मांडल्या होत्या, नेहमीसारखी प्रत्येकीची पुढची बाजू वर. बायकोने, गिरिजाने, चहा आणून ठेवला आणि तिच्या कोपराने कडेची काच उडवली. तिने ती उचलून जागच्या जागी ठेवली, पण पालथी. काचेला तोंड असतं हे तिला कसं ठाऊक असणार? आणि उत्तमने बघायचं सोडून तोंड सोडलं होतं. "डोळे फुटलेत का तुझे?" एवढंच नाही, आणखीही बरंच. त्याच रागात त्याने लेन्स जोडली, पराग दारात घाई करत उभा होता म्हणून वर्तमानपत्रही पाहिलं नाही.

गिरिजाचं नाव त्याने घेतलं नाही. "चूक माझी आहे," तो म्हणाला. "मी येतो त्या लोकांकडे."

पराग एकदम वरमला. तेवढ्यात गिरिजा पाणी घेऊन आली. तांब्या तिने आधी टेबलाची कड चाचपून मग ठेवला. एक फोटो हातात घेऊन ती म्हणाली, की छान तर आलाय, भांडतात कशाला.

"अगं, कडेची माणसं बघ."

तिने मान वळवून डावीकडची माणसं पाहिली, मग उजवीकडची. "एवढी तरी दिसतायत. मला समोर बघताना बाजूला कोण आहे ते कळतच नाही. मान वळवावी लागते." मग दोघांचे चेहरे पाहून ती जरा गोंधळली. "वय झालं की होतं ना असं सगळ्यांचं?"

गिरिजाचं वय सेहेचाळीस होतं.

उत्तमने तिला खुर्चीत बसवलं, भिंतीवरच्या वर्तमानपत्रासमोर. मधल्या चित्राकडेच बघायला सांगितलं, डोळा जराही हलवायचा नाही. मग तिच्या उजव्या कानामागून त्याने आपलं बोट हळूहळू पुढे आणायला सुरुवात केली.

"दिसलं की सांग."

बोट कानावरून पुढे आलं. गालाजवळ आलं. जवळजवळ तिच्या कपाळावरच्या टिकलीसमोर आलं तेव्हा ती म्हणाली, "हां, आता." डावीकडूनही तेच. त्याने पुन्हा केलं, पुन्हा केलं, जणू मोजण्यातच काही चूक सापडेल. परागने फोटो गोळा करायचे थांबवले होते.

वर्षभरात किती कप फुटले होते. बाजारात स्कूटर अंगावर आली होती. शेजारची सुलू बाजूने हाक मारते आणि गिरिजा ओ देत नाही, म्हणून शिष्ट झालीय असं सुलूने तोंडावर सांगितलं होतं, आणि उत्तमने मान डोलावली होती. लोकांच्या लेन्सचे कोपरे तपासण्यात त्याचा जन्म गेला आणि घरातली दोन भिंगं त्याने एकदा उजेडात धरली नाहीत. त्याला स्वतःची भयंकर लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी तो परागबरोबर काशीगावला नवऱ्यामुलाच्या घरी गेला, हात जोडून चूक कबूल केली. परागने टेसार लावून कडेच्या सगळ्या मंडळींचे नव्याने फोटो काढले. आत्याला पुन्हा पैठणी नेसायला मिळाली, त्यामुळे तिचाही राग गेला.

डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गोष्ट इतकी सोपी नव्हती. काचबिंदू, ते म्हणाले. गेलं ते गेलं. रोज न चुकता थेंब घातले तर उरलेलं टिकेल. उत्तमने विचारलं, उघडून साफ करता येत नाही का? डॉक्टर हसले नाहीत. काचेत दोष नाहीये, मागची नस वाळलीय, असं त्यांनी त्याला त्याच्याच भाषेत समजावलं.

भाईंदरला परत आल्यावर स्टेशनच्या पायऱ्या उतरून दोघं नवघरच्या रस्त्याला लागली. एरवी तो चार पावलं पुढे चालायचा. आज तो तिच्या बाजूला होता, आणि ती वळून पाहील तेव्हाच तिला दिसणार होता.

"मंगळवारी मी तुला नको ते बोललो," तो म्हणाला.

"कुठल्या मंगळवारी? तुम्ही काय एकाच मंगळवारी बोलता?"

थोडं चालल्यावर तो एकदम म्हणाला, "उजवीकडे भांड्यांचं दुकान आहे. मारवाडी हंडे पुसतोय."

"बरं."

"डावीकडे नवी बिल्डिंग. तिसऱ्या मजल्यावर निळी गोधडी वाळत घातलीय. तिच्या मागे मिठागर. पाण्यात बगळे उभे आहेत. सात. नाही, आठ."

गिरिजा समोर बघत चालली होती, पण ऐकत होती. "हे सगळं रोज असतं होय इथे?"

"असणार. मीपण आजच बघतोय."

मग त्याने काही म्हणजे काही सोडलं नाही. कौलारू घराच्या ओट्यावर सुकट निवडणाऱ्या दोघी जणी, तारेवर अडकलेला पतंग, कुंपणावरचं मांजर, सगळं तो तिला सांगत सुटला. एकदा उजवीकडे, एकदा डावीकडे.

"अहो, समोर बघा," गिरिजा म्हणाली. "गटाराचं झाकण निघालंय."

तो थबकला. पाऊल अगदी काठावर आलं होतं. तिने त्याचं मनगट धरून त्याला वळसा घालून पलीकडे आणलं, आणि ते घर येईपर्यंत सोडलं नाही.