मामांच्या मेलमधली गर्दी

मामांना कंपनीतून काढून टाकलं आहे, ही बातमी सगळ्यात आधी मामांनाच लागली. कंपनी त्यांचीच होती, पण तेवढ्याने काय होतं? रोज सकाळी ते ऑफिसात येत, कॉम्प्युटर लावत, मेल उघडायला जात, आणि पडद्यावर पाटी येई: जोडणी नाकारली आहे. घरून मात्र तोच मेल मुकाट उघडायचा. मामांनी सरळ अर्थ लावला. म्हाताऱ्याने घरीच बसावं, अशी कोणीतरी सोय केली होती.

कंपनी लिफ्ट दुरुस्त करायची. कारभार आता मुलाकडे, म्हणजे भाच्याच्या दादाकडे होता, हिशेब सुनेकडे, म्हणजे वहिनींकडे आणि सुट्या भागांचं कोठार मामींकडे. कॉम्प्युटर, वायफाय आणि मेलचा सर्व्हर एवढा संसार भाच्याच्या गळ्यात होता. मामांनी त्याला खोलीत बोलावलं आणि दार लावून घेतलं.

"तुझ्या हातून करवून घेतलं असेल, तर मी तुझ्यावर रागावणार नाही. फक्त कोणी सांगितलं ते बोल."

"काय सांगितलं, मामा?"

"मला काढायला."

"तुम्हाला कोण काढणार? चेकवर सही तुमची लागते."

"ती घरी बसूनही करता येते. सोमवारपासून मी येत नाही. तोंडावर सांगायची छाती नव्हती म्हणून मशीनकरवी निरोप पाठवला, एवढंच वाईट वाटतं."

भाचा हसणार होता. तेवढ्यात टेबलाचा खण त्याला उघडा दिसला. मामांची पक्कड, टॉर्च, चष्म्याचं घर, सगळं पिशवीत भरून झालं होतं. हसू त्याने तिथल्या तिथे गिळलं.

तो आपल्या जागेवर आला आणि सर्व्हरची नोंद काढून बसला. सर्व्हरचं म्हणणं साधं होतं. एका खात्याला एका ठिकाणाहून दहा जोडण्या, अकरावी आली की नकार. ऑफिसातली सगळी यंत्रं एकाच वायफायवर, त्यामुळे सर्व्हरच्या लेखी ते एक ठिकाण; मामांचं घर दुसरं. म्हणून घरी चालत होतं. एकेक फोन दोन-दोन, तीन-तीन जोडण्या अडवून बसतो हे खरं, पण ऑफिसात मामांकडे मेलसाठी कॉम्प्युटर होता एकच. मग दहा जागा भरल्या कोणी?

यादी वाचता वाचता भाच्याने पडदा भिंतीकडे वळवला. दादाचा फोन. दादाचा टॅब. वहिनींचा कॉम्प्युटर. वहिनींचा फोन. मामींचा फोन.

पासवर्ड चोरायची गरज कोणालाच पडली नसणार. मामा तो टाइप करताना एकेक अक्षर मोठ्याने म्हणत. आख्ख्या ऑफिसला तो पाठ होता. आणि गंमत अशी, की बाकीचे एकदा आत शिरले ते बाहेर पडलेच नव्हते. मामा मात्र जुन्या वळणाचे. संध्याकाळी सगळं रीतसर बंद करून जायचे आणि सकाळी आपल्याच दाराशी रांगेत शेवटचे उभे राहायचे. शिस्त पाळणारा तेवढा एकटा बाहेर राहिला होता.

आता खरं बोलावं तर घरात आग, न बोलावं तर मामा सोमवारी घरी. भाच्याने कातडी वाचवणाऱ्या माणसाने करावं तेच केलं. दहाचे वीस केले, सर्व्हर पुन्हा सुरू केला आणि मामांना मेल उघडून दाखवला.

"काय केलंस?"

"मर्यादा वाढवली. गर्दी फार झाली होती."

"म्हणजे लिफ्ट ओव्हरलोड होती."

"अगदी तसंच!"

"आणि तू आतली पाटी बदललीस." मामांनी चष्मा काढला. "दहाच्या जागी वीस लिहिलं की दोर जाड होतो का रे, गाढवा? आधी आत कोण आहे ते बघायचं. कोण आहे?"

धंद्याचा प्रश्न धंद्याच्या भाषेत आला, तिथे भाच्याची पंचाईत झाली. टेबलाचा कोपरा नखाने खरवडत त्याने तीन माणसं सांगितली.

मामांनी कीबोर्ड पुढे ओढला. मग एका बोटाने, अक्षरं मोठ्याने म्हणत, त्यांनी स्वतःच्याच पत्त्यावर मेल लिहिला: माझ्या मेलमध्ये बसलेल्यांनी माझ्या खोलीत येऊन बसावं. पाठवला. बाहेर इकडेतिकडे फोन टिंग टिंग वाजले.

पहिल्या मामी आल्या. "हो, वाचते. पुढे?"

"इतकी वर्षं संसार केलास आणि आता पाळत?"

"आता कसली? कागदावर पत्रं यायची तेव्हाही वाचत होते."

मागोमाग वहिनी आणि दादा, दोघंही जमिनीवरच्या फरशा पहिल्यांदाच पाहत असल्यासारखे.

"बाबा," दादा म्हणाला, "गिऱ्हाईकं अजून तुम्हालाच लिहितात. 'साहेब, तुम्ही स्वतः या.' तुम्ही येतो म्हणता आणि लिफ्टच्या छतावर चढता. मागच्या महिन्यात वर तुमचा हात सुटला."

"लगेच धरलं होतं मी."

"दुसऱ्या हाताने. मी खाली उभा होतो, बाबा."

"म्हणून तेव्हापासून मी तारखा बघते," वहिनी हळूच म्हणाल्या. "तुमच्या आधी माणूस पाठवता यावा म्हणून."

"असं होय!" मामा म्हणाले. "मी पोचेपर्यंत लिफ्ट चालू झालेली असते. मला वाटायचं, माझं नाव ऐकूनच सुधारतात."

कोणीतरी हसलं, पण पुरतं नाही.

"हे तोंडाने सांगता आलं असतं."

"ऐकलं असतंत?" मामींनी विचारलं.

यंत्राबद्दल मामा चटकन खरं बोलत. स्वतःबद्दल जरा वेळ लागला.

"नसतं," ते म्हणाले. मग भाच्याकडे वळले. "तुझी मर्यादा पुन्हा दहा कर. या तिघांना उतरव."

पडद्यावर सगळ्यात वर एक नवा मेल होता: एका इमारतीची लिफ्ट दोन मजल्यांच्या मधे अडकते, साहेब, आपण स्वतः या. मामांनी उत्तर लिहिलं. सगळ्यांसमोर, अक्षर अक्षर म्हणत: येतो. मुलगा बरोबर आहे. वर तो चढेल, मी खालून सांगेन.

शेवटच्या वाक्यापाशी बोट थांबलं. दादाला वाटलं, आता खोडणार. मामींनी नजर खिडकीकडे वळवली. मामांनी बटण दाबलं.

"खालून ओरडणार मात्र मी भरपूर," ते म्हणाले.

"ते लिहायला नको," मामी म्हणाल्या. "त्यांना माहीत आहे."