पुसलेली ओळ

मित्रांनो, माझे वय माझ्या लाकडी चौकटीवरून ओळखा. तिचा एक कोपरा निखळला आहे, तो दोऱ्याने बांधला आहे. मी दगडी पाटी. एका मुलीने माझ्यावर अक्षरे गिरवली. पुढे वह्या आल्या आणि मी माळ्यावर गेले. पंचवीस वर्षे कुणाला माझी आठवण झाली नाही.

मला खाली काढले ते तिच्या बाबांसाठी. ते बसचालक होते, आवाज खणखणीत. पण फुप्फुसे निकामी झाली. एकदा ते श्वासाच्या मशीनमधून सुटले, पण गळ्यात नळी राहिली आणि आवाज गेला. मग दवाखान्याच्या खाटेवर ते माझ्यावर लिहू लागले. 'डॉक्टरांना खुर्ची दे. उभं राहून बोलले की जास्त भीती वाटते.' तेव्हापासून डॉक्टर बसूनच बोलत.

एका दुपारी त्यांनी सावकाश लिहिले, 'पुन्हा मशीन नको. मला घरी ने.'

मुलीने वाचले. तेवढ्यात दाराशी डॉक्टरांची चाहूल लागली. तिने झटकन तळहाताने मला पुसले.

"काही म्हणाले का?" डॉक्टरांनी विचारले.

"नाही."

बाबांनी तिच्याकडे पाहिले. त्या नजरेत राग नव्हता. त्यांनी पेन्सिल उशीशेजारी ठेवली आणि पुन्हा उचलली नाही.

तिसऱ्या दिवशी श्वास अडकला. मशीन लागले. नळी ओढू नये म्हणून त्यांचे हात खाटेला बांधले. असे सतरा दिवस गेले. शेवटी मुलीने भावासमोर, डॉक्टरांसमोर सगळे सांगून टाकले.

"म्हणजे आता आपणच बाबांना मारायचं?" भाऊ ओरडला.

"आजार त्यांना नेतोय," डॉक्टर म्हणाले. "आपण नुसतं अडवून धरलंय. मशीन काढलं तरी त्रास होणार नाही असं औषध देऊ. त्यांना एकटं सोडणार नाही."

भाऊ दोन दिवस बाबांच्या खाटेशी बसून राहिला. मग त्यानेच बाबांचे बांधलेले हात मोकळे केले.

दुसऱ्या डॉक्टरांनीही तपासून मशीन काढायला होकार दिला. मशीन काढले तेव्हा दोघांनी बाबांचा एकेक हात धरला होता. घरी न्यायची वेळ मात्र निघून गेली होती.

आता ती कधीतरी मला मांडीवर घेते. लिहीत काहीच नाही. तिला दोष कसा देऊ? तिला बाबा हवे होते. पण मित्रांनो, आपले माणूस 'पुरे' म्हणाले तर रडा, भांडा, हवे तर नाही म्हणा. फक्त ते काही बोललेच नाही, असे कुणाला सांगू नका.