हातात छान बसतो

बारकीचं खरं नाव घरात कुणी घेत नसे. भावंडांत धाकटी म्हणून बारकी, ती पस्तिशीला टेकली तरी बारकीच. बाजारात आलेली नवी उपकरणं वापरून बघायची आणि ती कशी आहेत ते लोकांना सांगायचं, हे तिचं काम. एका वेबसाइटसाठी ती व्हिडिओ करायची. त्यातही गेमिंग कन्सोल म्हटलं की बारकीचं मत लोक कान देऊन ऐकत.

पण खरं सांगायचं तर लोक यायचे तिच्या दादासाठी. दादा कृत्रिम दात बनवायचा. दातांच्या डॉक्टरांकडून साचे आले की लॅबमधल्या कोपऱ्यातल्या टेबलाशी बसून तो मेणात एकेक दात कोरायचा. कन्सोलच्या आत काय असतं यातलं त्याला ओ की ठो कळत नसे, आणि कळून घ्यायची हौसही नव्हती. लहानपणापासून दोघं एकत्र खेळत आलेली, म्हणून बारकी त्याला प्रत्येक व्हिडिओत शेजारी बसवायची. कंट्रोलर हातात घेऊन दादा एखादंच वाक्य बोलायचा. "हे बटण दाबलं जातंय, पण मनापासून नाही," असं एकदा तो म्हणाला होता, आणि बघणाऱ्यांनी ते वाक्य पार डोक्यावर घेतलं होतं.

त्या वर्षीच्या सगळ्यात गाजावाजा झालेल्या कन्सोलचं खोकं बारकीकडे विक्रीच्या आधीच आलं. कंपनीने ठरवून दिलेल्या वेळेपर्यंत ब्र काढायचा नव्हता, आणि ती वेळ झाली की सगळेच व्हिडिओवाले एकदम तुटून पडणार होते. बारकीने दादाला सुट्टीच्या दिवशी सकाळीच बोलावून घेतलं.

तो आला, खोकं उघडून त्याने सगळं नीट बाहेर काढलं. कन्सोल देखणा होता, आवाज असा नव्हताच, आणि गेम इतक्या पटकन सुरू होत होते की बारकी कॅमेऱ्यासमोर खरोखर हरखून गेली. सगळ्यात नवलाई होती ती कंट्रोलरची. त्याचे मागचे दोन खटके प्रसंगाप्रमाणे घट्ट होत. धनुष्य ताणायचं असेल तर दोरी बोटाला खरोखर ओढ देतेय असं वाटे.

बारकीचं धनुष्य पहिल्याच फटक्यात ताणलं गेलं. दादाचं अर्ध्यावर अडायचं. त्याने परत परत करून बघितलं. मग एका हाताने जमेना म्हणून त्याने दुसऱ्या हाताचं बोट मदतीला घेतलं, आणि त्या गडबडीत कंट्रोलर सटकून थेट चहाच्या कपावर पडला. कप उलटला. बारकी पोट धरून हसली. दादाही हसला, रुमालाने टेबल पुसू लागला.

पुसता पुसता त्याने विचारलं, "बारके, हा खटका फार घट्ट आहे का गं?"

"छे, लोण्यासारखा आहे," बारकी म्हणाली. "तूच म्हातारा झालायस."

"नाही, खरंच विचारतोय. नीट बघून सांग."

तिने आपल्या कंट्रोलरचा खटका एकदा दाबला, स्क्रीनवरचा बाण सुटलेला बघितला आणि म्हणाली, "अजिबात नाही." दादाने ओला रुमाल बाजूला ठेवला. थोडा वेळ बसला आणि काम आहे म्हणून निघून गेला. तो जेवायला थांबणार होता हे बारकीला आठवलं, पण तोवर ती व्हिडिओ कापायला बसली होती.

वेळ पाळण्याच्या घाईत तिने दादाचा प्रश्न काढून टाकला आणि कप उलटण्याचा प्रसंग मात्र ठेवला. त्याला एक विनोदी आवाजही जोडला. "हातात इतका छान बसतो की सोडवत नाही," हे तिचं वाक्य आणि लगेच दादाच्या हातून निसटणारा कंट्रोलर. जोड अशी जमली की तिचं तिलाच हसू आलं. व्हिडिओ तुफान चालला. कप उलटण्याचा तेवढाच तुकडा लोक एकमेकांना पाठवत राहिले. दादाच्या लॅबमध्येही तो पोहोचला. तिथले लोक त्याला मेणाचं भांडं देताना "दोन्ही हातांनी धर हं" म्हणायचे, असं पुढे वहिनीने सांगितलं.

सविस्तर लेख लिहिताना बारकीला कन्सोलच्या सेटिंगमध्ये एक सोय सापडली. खटक्यांचा जोर हवा तेवढा कमी करता येत होता, अगदी बोट टेकवलं तरी पुरे. लेखात तिने त्यावर एक ओळ लिहिली. दादाला फोन करून सांगावं असं मनात आलंही होतं, पण भेटल्यावर सांगू म्हणून राहून गेलं.

मग एके दिवशी वहिनीचा फोन आला. ती आधी इकडचं तिकडचं बोलत राहिली आणि मग एकाएकी मूळ गोष्टीवर आली. दादाला शर्टाची बटणं लावता येत नव्हती. बऱ्याच दिवसांपासून. तो सकाळी लवकर उठून एकटाच त्यांच्याशी झटत बसे, तिला कळू नये म्हणून. लॅबमध्ये त्याने कोरलेले दात परत येऊ लागले होते, तेही त्याने दडवलं होतं. शेवटी तिनेच ओढून डॉक्टरकडे नेलं. नसांचा आजार निघाला, हळूहळू वाढत जाणारा.

"तुझ्याकडून आला त्या दिवशी न जेवता पडून राहिला होता," वहिनी म्हणाली. "मी विचारलं तर म्हणे, वस्तूत काही दोष नाही. मला तेव्हा काही अर्थच लागला नाही बघ."

बारकीला लागला. दादाला त्या दिवशी खेळायचं नव्हतंच. दोष कंट्रोलरचा आहे एवढं तिने म्हणावं, इतकीच त्याची आशा होती.

तिने तो तुकडा सगळीकडून काढून टाकायचा प्रयत्न केला. स्वतःच्या व्हिडिओतून तो गेला, पण बाकीच्यांकडे फिरतच राहिला. मग कन्सोल घेऊन ती दादाच्या घरी गेली. खटक्यांचा जोर पार कमी करून तिने कंट्रोलर त्याच्या हातात दिला. दादाने धनुष्य ताणलं, एक बाण सोडला. पण एव्हाना कंट्रोलर उचलून धरणंच त्याला जड जात होतं. त्याने तो मांडीवर ठेवला. "चांगली सोय आहे," म्हणाला, "लोकांना सांग." आणि टीव्ही बंद करायला सांगितलं.

लॅबमधलं काम त्याने सोडलं त्या दिवशी सामान आणायला त्याने बारकीलाच सोबत नेलं. कोरण्या, चिमटे, मेणाचे तुकडे तिने त्याच्या टेबलावरून गोळा केले. परत येताना दोघं बसथांब्यावर उभी होती. बारकीने किती दिवस मनात घोळवलेलं बोलून टाकलं. व्हिडिओबद्दल, त्या हसण्याबद्दल तिने माफी मागितली.

"हसलीस त्याचं काय एवढं," दादा म्हणाला. "मीही हसलोच की. मी विचारलं ना तुला, तेव्हा तू स्क्रीनकडे बघितलंस. एकदा माझ्याकडे बघितलं असतंस तर मी सांगून टाकलं असतं. कुणाला तरी सांगायचंच होतं मला."

आधी कळलं असतं तर काही फरक पडला असता का, हे तिने डॉक्टरांना विचारलं होतं. आजाराला फारसा नाही, असं ते म्हणाले होते. ते दादाला सांगावं असं तिच्या ओठांवर आलं, पण तिने सांगितलं नाही. त्या मधल्या काळात तो एकटा होता, आणि त्या एकटेपणावर डॉक्टरांकडेही उपाय नव्हता.

वारं सुटलं होतं. दादाचं जाकीट उघडंच होतं. "लावू का?" तिने विचारलं. त्याने जरा आढेवेढे घेतले, मग हात बाजूला केले. बारकीने पिशवी खाली ठेवली आणि खालपासून गळ्यापर्यंत सगळी बटणं लावली. बस आली तशी ती त्याच्यामागून चढली.