पॅसेजमधला दिवा

चावी कुलपात फिरेना, तेवढ्यात दिवा विझला. पॅसेजला खिडकी नव्हती. भरदुपारी बाईंना स्वतःचा हात दिसेना.

"अरे, कोणी आहे का?"

मुलाने आतून दार उघडलं आणि दिवा पुन्हा लागला. "आई, जरा हात हलवायचा. कोणी हललं तरच तो लागतो. इथे गप्प उभं राहिलं की माणूस नसल्यात जमा."

"जन्मभर पोरांना हलू नका म्हणून दटावलं," बाई म्हणाल्या, "आता मीच हात हलवत उभी राहते!"

सून खळखळून हसली.

प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेल्या बाईंना या परक्या शहरात मुलाकडे येऊन आठवडाही झाला नव्हता. इथे दारं आपोआप उघडत, लिफ्ट बोलत असे, पण माणसाची चाहूल नाही. भिंतीपलीकडे कोणी खोकत नव्हतं, भांडं पडत नव्हतं. समोरच्या दारामागे एक म्हातारी एकटी राहते, एवढंच कळलं होतं. ती कधी दिसली नव्हती. तिच्या दाराच्या तळाशी टपाल टाकायची फट होती, तिच्यावर पितळी झाकण.

दुसऱ्या दिवशी मुलगा आणि सून कामाला गेल्यावर बाईंनी दाराच्या भिंगातून बाहेर पाहिलं. काळोख. मग दिवा लागला. पॅसेजमध्ये कोणीच नव्हतं. दिवा विझला, आणि थोड्या वेळाने पुन्हा लागला. 

"वायरिंग बिघडलं असेल," संध्याकाळी मुलगा म्हणाला.

"समोर विचारून येऊ?"

"नको हं आई," सून घाईने म्हणाली. "इथे असं कोणाच्या दारात गेलेलं चालत नाही. त्यांनी तक्रार केली तर आपल्यालाच घर सोडावं लागेल."

सकाळी दोघं गेली, आणि दिवा पुन्हा लागला.

हजेरी घेताना एखाद्याचं उत्तर आलं नाही, तर गैरहजेरी मांडण्याआधी बाई वर्गभर बाकाखाली वाकून बघत. एखादं पोर तिथे हमखास रुसून बसलेलं असे. ती सवय आता पायांत शिरली. त्या बाहेर आल्या आणि भिंतीला टेकून अगदी स्तब्ध उभ्या राहिल्या. दिवा विझला. काळोखात फक्त त्यांचा श्वास.

दिवा लागला. त्या तर हलल्या नव्हत्या.

बाई वाकल्या. समोरच्या फटीतून, झाकण ढकलून, चार बोटं बाहेर आली होती. हलत होती.

त्या दचकून मागे सरल्या. मग बाईंनी फरशीवर बसकण मारली आणि ती बोटं हातात घेतली. गार होती. दुसऱ्या हाताने त्यांनी मुलाला फोन लावला. "समोरच्या आजी पडल्यात. लगेच कोणाला तरी पाठव. तक्रारीचं मग बघू!"

आतून पुटपुटणं आलं. भाषा कळेना. शाळेच्या पहिल्या दिवशी रडणाऱ्या पोरांपाशी बाई जे करत, तेच त्यांनी केलं. संथ आवाजात पाढे सुरू केले.

"बे एके बे... बे दुणे चार..."

प्रत्येक ओळीला बोटं त्यांच्या तळव्यावर टेकू लागली. पुढे ठेका चुकू लागला. बाई थांबत, वाट बघत.

"सावकाश. आपल्याला कुठे घाई आहे?"

एका ओळीला बोटं टेकलीच नाहीत. बाईंनी ती ओळ पुन्हा म्हटली. परत एकदा म्हटली.

दिवा विझला.

बाईंनी बोटं सोडली नाहीत. उत्तर येणाऱ्या मुलासारखा त्यांनी दुसरा हात उंच केला, आणि लिफ्टचं दार उघडेपर्यंत त्या तो दोघींसाठी हलवत राहिल्या.