पूल ओलांडून डावीकडे

"टेस्डालचा मळा? असा मळा आमच्याकडे नाही बुवा," हार्लन त्या परगावच्या माणसाला म्हणाला आणि माझ्या कॅफेतलं अख्खं टेबल हसलं. कोपऱ्यात स्वतः व्हर्लिन टेस्डाल कॉफी घेऊन बसला होता. त्या दिवशी त्याच्या मळ्याचा लिलाव होता. ट्रॅक्टर, नांगर, आर्डिथचं शिवणयंत्र, सगळं अंगणात मांडलेलं. वारलेल्या बायकोच्या वस्तूंना लोकांचे हात लागलेले बघवणार नाहीत म्हणून तो सकाळपासून माझ्याकडे येऊन बसला होता.

"ओस्कॅम्पचा मळा म्हणून विचारा," हार्लनने वाट सांगितली. "धान्याच्या कोठारापासून उत्तरेला, ओढ्यावरचा पूल ओलांडला की डावीकडे."

आयोवातल्या आमच्या या गावाला खोडच आहे. मळा कसतो एक, नाव चालतं आधीच्याचं. रेल्वे आली तेव्हा कुणा ओस्कॅम्पने चर खणून तिथल्या दलदलीचं पाणी काढलं आणि जमीन कसायला आणली. पुढे रेल्वेही गेली. ओस्कॅम्पला पाहिलेलं आज कुणी उरलेलं नाही. व्हर्लिनने तिथे उभा जन्म काढला, तरी तो ओस्कॅम्पच्या मळ्यावरचा व्हर्लिनच राहिला. आर्डिथला हे फार लागायचं. दर वसंतात ती फाटकाजवळच्या टपालपेटीवर टेस्डाल हे नाव नव्याने रंगवायची. एकदा तरी कुणी टेस्डालचा मळा म्हणावं, एवढीच तिची आस. ती गेली तेव्हा पास्टरनेसुद्धा ओस्कॅम्पच्या मळ्यावरची आपली आर्डिथ असंच म्हटलं. मला त्याचा राग आला, पण मी तरी दुसरं काय म्हणत आले होते?

मळा प्रुइट नावाच्या तरुण जोडप्याने घेतला. व्हर्लिन गावात, बँकेच्या वरच्या खोलीत राहायला आला.

पेरणीच्या दिवसांत खताचा ट्रकवाला प्रुइटांचं घर विचारत आत आला. हार्लन पत्ते पिसत होता. मान वर न करताच तो म्हणाला, "पूल ओलांडून डावीकडे. टेस्डालचा मळा."

कुणाच्या काही ध्यानात आलं नाही. व्हर्लिनचा कप मात्र ओठांपाशीच थांबला. मी कॉफी ओतायला गेले, तर त्याने कपावर हात ठेवला.

"राहू दे, डोरीन. आर्डिथला सांगून येतो."

त्याने टोपी घातली. खिडकीतून पाहिलं, तर त्याची गाडी चर्चमागच्या दफनभूमीकडे वळत होती.