पोखरलेले दोन किलो

मित्रांनो, मी दोन किलोचे एक जुने वजन आहे. निदान माझ्या पाठीवर तसे लिहिले आहे. ती अक्षरे लोखंडातच ओतलेली असल्यामुळे जशीच्या तशी आहेत; मी मात्र तेवढा उरलेलो नाही.

एका ओतशाळेत, वाळूच्या साच्यात, मी आणि माझा जुळा भाऊ शेजारीशेजारी थंड झालो. ओतीव वजन पहिल्याच फटक्यात नेमके उतरत नाही, म्हणून आमच्या तळाशी एक भोक ठेवलेले होते. त्यात शिसे भरून, जास्त झालेले खरवडून ओतारीने आम्हाला बरोबर दोन किलोवर आणले. मग मापाच्या कचेरीतल्या साहेबाने त्या शिशावर शिक्का मारला. निरोप देताना ओतारी म्हणाला, "जा बाबांनो, सरळ वागा." त्याचे साथीदार हसले. मलाही ती थट्टाच वाटली. लोखंड वाकडे कसे वागणार?

एक गोष्ट मला तेव्हा ठाऊक नव्हती. वजनाला स्वतःचे वजन कळत नाही. समोरच्या पारड्यात दुसरे खरे वजन आले, तरच आपण किती आहोत ते समजते. एकटे वजन कितीही खोटे झाले, तरी त्याला आपण खरेच वाटतो.

आम्ही एका किराणा दुकानात आलो. दुकानदार गोड बोलायचा, उधारीसाठी कुणाच्या दारात जायचा नाही, प्रार्थनेला पहिल्या रांगेत बसायचा. लोकांनी त्याचे नावच 'बावनकशी' ठेवले होते. सुरुवातीची वर्षे तो खरोखर तसाच होता. पारडे समतोल झाले की वर चार दाणे टाकायचा, आणि माझ्याकडे बोट दाखवून म्हणायचा, "हा माझा भागीदार."

मग त्याने घरावर वरचा मजला काढला. भिंती उभ्या राहिल्या आणि पैसे संपले. एका दुपारी दुकानाची फळी लावून त्याने मला उलटे केले, तळाचे शिसे टोकदार हत्याराने कोरून काढले, पोकळीत मेण भरले आणि वर शिशाचा पातळ पापुद्रा बसवला. बरोबरच्या लहान वजनांचीही तीच गत झाली. भावाला मात्र त्याने हात लावला नाही. त्याला फडक्यात गुंडाळून खणात ठेवले. माल घेताना आणि तपासणीच्या दिवशी भाऊ बाहेर यायचा. गिऱ्हाइकाला देताना मी.

शेजारची शिवणकाम करणारी मावशी एकदा म्हणाली, "बावनकशी, तुमची साखर वाटेतच विरघळते की काय? डबा भरत नाही हल्ली."

"मुंग्यांना विचारा मावशी, त्यांचं खातं माझ्याकडे नाही," तो म्हणाला. दुकानातले सगळे हसले. मावशीही हसली आणि कमी साखर घेऊन घरी गेली.

संध्याकाळी आतल्या खोलीत त्याची बायको देवाचे वचन मोठ्याने वाचायची. एकदा तिने वाचले की देवाने आपल्या लोकांना बजावले होते, एका पिशवीत एक मोठे आणि एक लहान अशी दोन वजने ठेवू नका. असे करणाऱ्याची त्याला किळस येते. दुकानदार मान डोलावत ऐकत होता. पिशवी नव्हे, खण होता, एवढाच काय तो फरक.

वरच्या मजल्यावर त्याची मुलगी राहायला आली. नवरा कामासाठी दूरदेशी होता. माहेरीच तिला बाळ झाले, अगदी किरकोळ. दवाखान्यातली नर्स घरी येऊन सांगून गेली की दर रविवारी बाळाला दुकानातल्या तराजूत तोला. वजन वाढले नाही, तर मात्र क्षणभरही न थांबता मोठ्या इस्पितळात घेऊन या.

पहिल्या रविवारी मुलीने बाळाला दुपट्यासकट पारड्यात ठेवले आणि दुसऱ्या पारड्यात मला, माझ्याबरोबर लहान वजनांना. बाळाने मूठ आवळली होती. दुकानदार बाहेर गेला होता. त्याच आठवड्यात मालाचे भाव चढले आणि त्याने आम्हाला आणखी पोखरले. दुसऱ्या रविवारी तो दारात आला, तेव्हा मुलगी हसत होती.

"बाबा, वाढलंय बाळ!"

तो जागीच थांबला. बाळ वाढले नव्हते, आम्ही घटलो होतो. खणातून भावाला काढून पारड्यात ठेवणे एवढेच काम होते. पण खरे वजन ठेवले असते तर बाळ एकदम उतरलेले दिसले असते, आणि मुलीने विचारले असते, हे कसे? त्या प्रश्नाचे उत्तर त्याच्याजवळ होते, म्हणून तो गप्प राहिला. पुढच्या आठवड्यात त्याने दोनतीनदा सुचवले, एकदा इस्पितळात दाखवून आणू. मुलगी म्हणाली, "कशाला, बाबा? वजन वाढतंय की. उगाच घाबरवू नका."

तिचा विश्वास त्याच्यावर नव्हताच, माझ्यावर होता.

पुढे बाळ रडेनासे झाले. घरच्यांना वाटले, शहाणे झाले. नर्स आली, तिने बाळाला पाहिले आणि आपल्या काट्याला टांगले. काटा फारच कमी वजनावर थांबला. दुकानातल्या तोलाशी ते जुळेना, म्हणून तिने ताडून पाहायला दुसरे वजन मागितले. दुकानदाराच्या बायकोने भोळेपणाने खण उघडून फडके सोडले.

"हे घ्या. हेही दोनचंच आहे."

एका पारड्यात भाऊ, एका पारड्यात मी. त्या दिवशी मला कळले मी किती आहे. भाऊ खाली गेला आणि मी वर उचललो गेलो. मग मुलगी म्हणाली, "बाबा, तुम्हाला माहीत होतं?"

"पुढच्या रविवारी सांगणार होतो," तो म्हणाला.

बाळाला घेऊन मुलगी आणि नर्स इस्पितळात धावत गेल्या. परत आल्या, तेव्हा मुलीच्या हातात नुसते दुपटे होते. त्याच आठवड्यात ती घर सोडून गेली. वरचा मजला आता रिकामा आहे.

मला कुणी फेकून दिले नाही. रोज सकाळी दुकान उघडण्याआधी, आता म्हातारा झालेला दुकानदार भावाला एका पारड्यात ठेवतो आणि मला दुसऱ्यात. मग तो माझ्या बाजूला तांदूळ टाकत जातो, पारडी समान होईपर्यंत. तेवढे तांदूळ ओंजळीत घेऊन तो उभा राहतो. ते कुणाचे आहेत, हे त्याला ठरवता येत नाही. मावशी केव्हाच वारली. बाकीच्यांची तोंडेही त्याला आठवत नाहीत. शेवटी तो ते पुन्हा पोत्यात टाकतो.

मित्रांनो, कधी तुमच्या हातात तराजू आला, तर माझ्या पाठीवर काय लिहिले आहे ते वाचून थांबू नका. मला उलटे करा आणि माझा तळ पाहा. आणि तळ पोकळ निघाला, तर त्याच क्षणी सांगा. रविवारची वाट पाहू नका.