बटणावरचा शब्द

यंत्र पी-पी करून ओरडलं तेव्हा त्याच्या डाव्या हातात एका म्हातारीचा वरचा जबडा होता आणि उजव्या हातात तापलेली सुरी. घाबरू नका, जबडा मेणाचा होता. मेणात एकेक दात बसवायचा, सुरीच्या टोकाने मेण वितळवून तो पक्का करायचा, वाकडा वाटला तर उपटून पुन्हा बसवायचा, हेच त्याने उभ्या आयुष्यात केलं. दातांच्या दवाखान्यामागची अरुंद खोली, रस्त्याकडे एक खिडकी, कोपऱ्यात उकळत्या पाण्याचं पातेलं आणि जिकडेतिकडे प्लास्टरची पांढरी धूळ. आजूबाजूचे दुकानदार त्याला कवळीवाला म्हणत. कवळ्या करणाऱ्याला दुसरं म्हणणार तरी काय!

त्याने सुरी ठेवली, हात पुसले आणि शर्टाच्या खिशातून यंत्र काढलं. काडेपेटीएवढं असेल. त्याला दोन बटणं. एकावर कागदाचा तुकडा चिकटवून पेनाने लिहिलं होतं 'बंद', दुसऱ्यावर 'विचार'. त्याने दाराकडे बघून घेतलं. कोणी नव्हतं. मग दुसरं बटण दाबून त्याने यंत्र ओठांशी नेलं आणि हळूच म्हणाला,

"दुपारची कुठे जातेस गं तू?"

बोट उचललं, यंत्र खिशात टाकलं आणि दाढेवर दाढ आवळून तो पुन्हा कामाला लागला.

हे यंत्र त्याच्या गळ्यात पडलं तेही त्याच्याच दाढांमुळे. दवाखान्याच्या डॉक्टरीणबाईंनी एकदा त्याला सहज खुर्चीत बसवलं, तोंडात आरसा घातला आणि कपाळाला हात लावला.

"अहो, हे काय! दाढा पार सपाट झाल्यात. झोपेत दात खाता की काय?"

"बायको म्हणते खरं तसं."

"कसला घोर लागलाय जिवाला?"

"छे, घोर कसला."

"डोक्यात रवंथ चालतो आणि भोगतात बिचाऱ्या दाढा," बाई म्हणाल्या आणि मनोविकारांच्या रुग्णालयात चाललेल्या एका अभ्यासासाठी त्याचं नाव देऊन मोकळ्या झाल्या. माणसं विचार कशी करतात, किती झोपतात, किती चालतात, आणि या सगळ्याचा मनाच्या तब्येतीशी काय संबंध, असा काहीतरी तो अभ्यास होता.

"मला वेड लागलंय का?" तो घरी कुरकुरला.

"वेड लागलेली माणसं निदान बोलतात तरी," बायको म्हणाली. "जाऊन या."

गेला. तिथे एक चष्मेवाली पोरगी होती. बोलायला चांगली, पण सदा घाईत. तिने यंत्र हातात दिलं आणि भराभर काय काय सांगितलं. ते दिवसातून कधीही वाजेल, वाजलं की बटण दाबायचं, एवढं त्याच्या कानात शिरलं. पुढचं शिरलं नाही, कारण पातेल्याखालचा गॅस आपण बंद केला की नाही, हा भुंगा तेव्हा त्याचं डोकं पोखरत होता. तो "हं, हं" करत राहिला. बाहेर आल्यावर त्याने बटणं नीट पाहिली. बंद, म्हणजे बंद कर. विचार, म्हणजे विचार. सरळ आहे की! यंत्र वाजलं की काहीतरी विचारायचं. आता यंत्राला विचारून काय होणार ते त्याला कळलं नाही, पण डॉक्टर लोकांचं काम आहे, असेल त्यात काही शास्त्र, असं म्हणून त्याने ते खिशात टाकलं. पहिल्यांदा वाजलं तेव्हा तो रस्त्यातच होता. "गॅस बंद केलाय का मी?" त्याने विचारलं. यंत्राने उत्तर दिलं नाही. पण खरं सांगायचं तर त्याला जरा हलकं वाटलं.

वाटणारच. कारण हा माणूस आयुष्यात कुणाला काही विचारतच नसे. विचार मात्र भरपूर करी! लेक शिकायला दूर गेली, मग तिथेच राहिली. फोन कमी झाले, तर का कमी झाले याचा त्याने महिनोन्‌महिने विचार केला, पण लेकीला विचारलं नाही. बायको एखादवेळी घुम्म बसली की आपलं काय चुकलं, कालचं चुकलं की परवाचं, हे तो घोळवत बसे. दहा उत्तरं तोच तयार करी, त्यांतलं सर्वांत वाईट निवडी आणि त्यावर रात्रभर दात खाई. प्रश्न जिभेवर आला की दातखीळ बसायची. दुसऱ्यांच्या जबड्यांची मापं घेणारा माणूस, स्वतःचा जबडा काही उघडत नव्हता.

आणि आता हे दुपारचं प्रकरण. एकदा चष्मा विसरला म्हणून तो भरदुपारी घरी गेला, तर दाराला कुलूप. संध्याकाळी बायको नेहमीसारखी चहा घेऊन समोर आली. तिने काही सांगितलं नाही, त्याने काही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी खोलीतून घरी फोन लावला. वाजून वाजून बंद पडला. "दुपारी झोपली होतीस का?" एवढं तरी विचारावं की नाही? तेही नाही. मग माळ्यावरून जुनी चादर काढताना पेट्यांच्या मागे कापडी पिशवी सापडली. उघडली नाही, वरून चाचपली फक्त. घडी घातलेले कपडे लागले हाताला, आणि मधोमध काहीतरी कडक, चौकोनी. डबी? औषधं? चादर तशीच टाकून तो खाली उतरला.

तेव्हापासून त्याचं मन थाऱ्यावर नव्हतं. मेणात समोरचे दोन दात उलटे बसवले, डॉक्टरीणबाईंची बोलणी खाल्ली. प्लास्टर कालवायला घेतलं की विचारात ते भांड्यातच दगड होऊन बसायचं. खिडकीतून कुणी बाई जाताना दिसली की मान वळायचीच. आणि खिशातलं यंत्र दिवसातून कितीदा तरी ओरडायचं, मग हा बटण दाबायचा. कुठे जातेस? कुणाकडे जातेस? पिशवी कशाला भरलीस? सोडून चाललीस का मला?

हे शेवटचं विचारलं तेव्हा त्याचा आवाज इतका चमत्कारिक निघाला की तोच दचकला.

आठवड्याने तो यंत्र घेऊन रुग्णालयात गेला. पोरगीने ते कशालातरी जोडलं, कानाला लावून ऐकलं, आधी हसली, मग तिच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"काका, हे काय? हे तर सगळे प्रश्नच आहेत."

"मग! तुम्हीच लिहिलंय ना. विचार."

"अहो, विचार म्हणजे मनातला विचार हो! वाजलं की त्या क्षणी मनात जे चाललं असेल ते बोलायचं होतं."

"मला वाटलं, विचार. म्हणजे प्रश्न विचार."

"तुम्हाला एकेरीत कशी लिहीन मी? 'विचारा' लिहिलं नसतं का?"

"'बंद करा' तरी कुठे लिहिलंय?" तो म्हणाला.

तिने कागदाचा तुकडा नखाने खरवडून काढला. "माझीच चूक. पण आठवडा वाया गेला हो. हे नाही धरता यायचं अभ्यासात. परत घ्यावं लागेल पहिल्यापासून."

परीक्षेत नापास झालेल्या पोरासारखा तो उठला. तो दारापर्यंत पोचतो तोच ती म्हणाली, "काका, अभ्यासाचं राहू दे. हे मी आपलं असंच विचारते. काकूंना विचारलंत का हे?"

"तिला कसं विचारणार?"

"का?"

"उत्तर आलं तर?"

पोरगी यंत्र टेबलाच्या खणात ठेवत म्हणाली, "नंतर परत देईन. आधी तुम्ही घरी जा."

घरी गेला तर कुलूप. किल्ली त्याच्याजवळ होती, पण उघडून आत जावंसं वाटेना. तो पायरीवर बसला, उठला, कोपऱ्यापर्यंत जाऊन आला, परत बसला. शेजारणीने खिडकीतून डोकावून पाहिलं तेव्हा उगाच चपलेचा अंगठा ओढत राहिला. ऊन पायरीवरून उतरलं आणि ती आली. खांद्याला तीच पिशवी.

"अगंबाई! आज इतक्या लवकर? बरं नाही का?"

दातखीळ बसली. नेहमीसारखीच. 'बरं नाही' म्हणावं आणि चहा मागावा, विषय संपला, असं मनात येऊनही गेलं. पण आठवडाभर त्या यंत्राला विचारून विचारून शब्द तोंडात तयार झाले होते, ते आपसूक बाहेर पडले.

"दुपारची कुठे जातेस गं तू?"

तिने किल्ली कुलपात घातली, पण फिरवली नाही.

"बसने जाते. शेवटच्या थांब्यापर्यंत."

"काय आहे तिथे?"

"ताईच्या गावची गाडी तिथून सुटते. ती सुटते तेवढी बघते नि परत येते."

"रोज?"

"जवळजवळ रोजच."

"म्हणजे जायचंय तुला? मी काय केलं गं?"

"काही नाही केलंत. तेच तर!" ती वळली. डोळ्यांत पाणी वगैरे काही नव्हतं, राग मात्र होता, वर्षानुवर्षं घडी घालून ठेवलेला. "तुम्ही विचार करत बसता. मी समोर असते, आणि तुम्ही डोक्यातल्या डोक्यात माझ्याशी बोलत असता. मला ऐकू येत नाही हो ते! मी काय उत्तर दिलं तेही तुम्हीच ठरवता. बसमध्ये बसलं की कंडक्टर विचारतो, कुठे जायचं? दिवसात तेवढंच कुणीतरी विचारतं मला."

शेजारणीची खिडकी हळूच बंद झाली. तो पायरीवर उभा राहिला. एरवी त्याने यावर चार दिवस विचार केला असता.

"मग, जाणार आहेस?"

ती त्याच्याकडे बघत राहिली, नवा माणूस बघावा तशी.

"विचार करून सांगते," ती म्हणाली आणि तिने कुलूप उघडलं.

त्या दिवशी त्याला कळलं, उत्तराची वाट बघणं काय असतं. ती भांडी घासत होती, कपडे घडी करत होती, आणि हा या खोलीतून त्या खोलीत फिरत होता. दोनदा यंत्रासाठी हात खिशाकडे गेला. खिसा रिकामा. माळ्याकडे बघायचं नाही असं ठरवून त्याने दहादा तरी बघितलं असेल.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्याने पातेल्याखालचा गॅस बंद केला, बंद केला म्हणून स्वतःला मोठ्याने सांगितलं, आणि म्हातारीचा जबडा तसाच ठेवून तो बसथांब्यावर जाऊन उभा राहिला. थोड्या वेळाने ती आली. खांद्याला पिशवी होती. त्याला बघून थबकली.

"मी येऊ का?" त्याने विचारलं.

"या," ती म्हणाली.

बसमध्ये तिने खिडकी धरली, तो शेजारी बसला. कंडक्टर आला. "कुठे, काका?"

तोंड उघडलं होतं त्याने. पण मिटलं आणि म्हणाला, "यांना विचारा."

"दोन द्या, शेवटच्या थांब्याची," ती म्हणाली.

"परतीची काढायची?"

तिने खिडकीबाहेर बघितलं. "ते तिथे गेल्यावर बघू."

कंडक्टर पुढे सरकला. बस खड्ड्यातून गेली तशी पिशवी तिच्या मांडीवरून घसरली, त्याने ती हातांनी सावरली. बोटांना तेच लागलं, कडक, चौकोनी.

"काय आहे गं यात?"

"उघडून बघा की."

"नको. तू सांग."

"कपडे आहेत दोन जोड. ताईसाठी विणलेला स्वेटर आहे, अर्धाच झालाय. आणि माझा रेडिओ."

"रेडिओ? तो बिघडला होता ना?"

"बिघडला कुठे? तुम्ही विचारात असायचात, म्हणून घरी लावत नव्हते. इथे लावते, हळू."

तिने पिशवीत हात घालून रेडिओ काढला, कान पिळला आणि नेहमीच्या सवयीने आपल्या कानाशी धरला. मग काय वाटलं कोण जाणे, तो खाली घेतला आणि दोघांच्या मध्ये सीटवर ठेवला. कुणीतरी बाई बातम्या सांगत होती. तो ऐकू लागला.